आसरा इचारतीय

"मॅडम, पाळी कायमची गेली की बाईच्या मनातून नवराबी जातो का?"

हे मी विचारलं. नववी-दहावीच्या सगळ्या मुली, आमच्या वर्गाच्या बाई आणि उमापूरच्या दवाखान्यातून आलेल्या डॉक्टर मॅडम, यांच्यासमोर उभी राहून, खणखणीत आवाजात. मुलांना त्या तासाला मैदानावर पिटाळलं होतं, तरी खिडकीखाली दोघं-तिघं असणारच. असू देत. गेवराईला वक्तृत्वात पहिली आल्यापासून माझी भीड जरा मेलेलीच आहे. माझ्या वर्गातल्या प्रतीक्षानं नेमकं त्यावरच बोट ठेवलं होतं. "लई भाषणं ठोकते ना ऋतुजा? मग हे इचार. न्हाई इचारलं तर वर्षभर तुला भित्री मेंढी म्हणायचं." धनगराच्या पोरीला मेंढी! उठलेच मी.

पोरींनी तोंडं बाकाखाली घातली. बाईंना खोकला लागला. डॉक्टर मॅडम मात्र हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही जात. पाळी ही मूल होण्याची सोय आहे. माणूस आवडणं ही वेगळी गोष्ट. कुणाचं ते कमी होतं, कुणाचं वाढतं, कुणाचं मन असतं पण अंग साथ देत नाही, आणि त्याला औषध असतं. पण पाळी गेली म्हणून बाईच्या मनाला कुलूप लागत नाही. कुलूप लोक लावतात. अजून विचारा."

अजून कोण विचारतंय! पैज मी जिंकली होती. दप्तर उडवत घरी आले.

आमचं घर चकलांब्याच्या बाहेर, शेतातच. आई, आप्पा, मी. आणि थोरले चुलते गहिनीनाथ, म्हणजे माझे मोठे बापू, आणि त्यांची बायको वच्छलाबाई, माझी मोठी आई. त्यांच्या रविराजदादाचं लग्न याच उन्हाळ्यात झालं आणि स्वप्नाली वहिनी घरात आली. सून आली की सासूनं आपलं अंथरूण बाहेर काढायचं, ही आमच्याकडची रीत. कुणी सांगत नाही, कुणी भांडत नाही. एका सकाळी मोठ्या आईची वाकळ ओसरीवर पेंडीच्या पोत्यांजवळ दिसली, एवढंच. मोठे बापू दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघतात ते पाऊस पडायच्या सुमाराला परततात. पावसाळ्याचे तेवढेच महिने ते घरी. यंदा तेही मेंढरांच्या वाड्यातच झोपायचे. सासू-सासरे झाले ना आता.

त्या संध्याकाळी बाया अंगणात उडीद निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, हातवारे करून, प्रश्न आणि उत्तर दोन्ही. आईनं मूठभर उडीद फेकून मारले. "कार्टे, जीभ हाय का कातरी? शाळंत हे शिकवाय लागले का?" वहिनीनं सुपानं तोंड झाकलं. मोठ्या आईचा हात मात्र उडदात तसाच राहिला होता. मग तिच्या मानेवर, कपाळावर घामाचे थेंब फुटले. वारा सुटला होता, मी स्वतः ओढणी लपेटून बसले होते, आणि ही घामाने भिजत होती. तिनं शेजारचा तांब्या उचलला आणि बसल्या जागी स्वतःच्या डोक्यावर ओतला. पाणी उडदात गेलं.

"आवो जाऊबाई!" आई ओरडली.

"परत सांग," मोठी आई मला म्हणाली. "ती डॉक्टरीण काय म्हणली ते. मनाला काय लागत न्हाई?"

"कुलूप," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. परत आले तर घरात धावाधाव. मोठी आई विहिरीवर होती. भर दुपारी.

आमच्या विहिरीवर भर दुपारी कुणी जात नाही. काठाला उंबराखाली शेंदूर लावलेले साती आसरांचे दगड आहेत. आसरा म्हणजे पाण्यातल्या बाया. भादव्यातल्या उन्हात, सावली पायाखाली जाते तेव्हा त्या वर येतात आणि एकटी बाई दिसली की धरतात, असं म्हणतात. माझी आजी साखराबाई त्यांनीच नेली. आप्पा तेव्हा इतके लहान होते की त्यांना तिचा चेहरासुद्धा आठवत नाही. देवघरात तिचा टाक आहे, चांदीच्या पत्र्यावर उठवलेली मूर्ती. धुऊन धुऊन त्याचं नाक झिजलंय. फोटो नाही. आजीबद्दल घरात एवढंच बोललं जायचं की जायच्या आधी ती अशीच दुपारची विहिरीवर जायची, ओली होऊन यायची आणि स्वतःशी बोलायची.

मोठी आई पायऱ्यांवर बसली होती, कमरेपर्यंत पाण्यात, केस मोकळे. वर काठावर आई, आप्पा, वहिनी, आणि वाड्यावरून पळत आलेले मोठे बापू; रविराजदादा मेंढरांमागं रानात. कुणाचीच खाली उतरायची छाती होत नव्हती.

आईनं लांबूनच हात जोडले. "कोण हायस बाई तू?"

"पाण्यातली." आवाज मोठ्या आईचा नव्हता. बारीक होता, तरुण बाईचा असावा तसा.

"काय पायजे? हिरवा चुडा घालू? दहीभात घालू?"

"सवाल इचारायचाय."

आसरा चुडा मागते, खण मागते, कोंबडं मागते, हे सगळ्यांना माहीत होतं. सवाल विचारणारी आसरा कुणी ऐकली नव्हती. वहिनीनं माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात खालून बोट वर आलं, नेमकं माझ्याकडे.

"त्या पोरीला. अंग पेटतं. माळाला वणवा लागावा तसं पायापासून डोक्यापत्तर. मग गार पडतं, मग पुन्ना पेटतं. कावून होतंय आसं? त्या डॉक्टरणीला इचारून ये."

आप्पांनी मला मागे ओढलं.

"सोम्या," ती म्हणाली, "पोरीला सोड."

आप्पांचा हात गळून पडला. मोठी आई त्यांना कायम 'भाऊजी' म्हणते. तिनं त्यांचं नाव उभ्या आयुष्यात घेतलेलं नाही. शेवटी मोठी आई आपणहून वर आली; परतताना वाटेत आप्पा एवढंच बोलले, "सोम्या फकस्त आई म्हणायची, थोरले सांगतात." आणि मग दिवसभर ते जेवले नाहीत.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी काळीपिवळी जीप पकडून उमापूर गाठलं. मनात एक माझी नेहमीची, टकळी चालवणारी ऋतुजा होती. दुसरी, जिच्या डोळ्यांपुढून ते बोट हटत नव्हतं.

"कोण विचारतंय?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"आसरा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "आसराचं वय काय असेल?"

"पन्नाशीला आली असंल."

"पाळी?"

"वरीस झालं असंल. पाळीसाठी ठेवलेल्या जुन्या कपड्यांच्या घड्या तिनं वहिनीला देऊन टाकल्या."

मग त्यांनी समजावून सांगितलं. पाळी जाताना अंगातली काही द्रव्यं कमी होतात, त्यानं अंगातून वाफा निघाल्यासारख्या होतात, घाम फुटतो, झोप उडते, रडू येतं. वेड नव्हे, बाधा नव्हे. पुष्कळ बायकांना होतं. "आणि आसराला सांग," त्या म्हणाल्या, "विहिरीत बसण्यापेक्षा इथं येऊन बस म्हणावं."

घरी मी हे सांगायला तोंड उघडलं तर आईनं तोंडावर हातच ठेवला. "देवाच्या मधी बोलू न्हाई." मग मी काय केलं? उलटीचं सोंग करून शाळेतून लवकर निघाले आणि दुपारी सरळ विहिरीवर गेले. एकटी.

उंबराचं पानसुद्धा हलत नव्हतं. मोठी आई पायरीवर बसली होती, आज कोरडी, पदर नीट घेतलेला. मी वरच्या पायरीवर बसले आणि पाण्याकडे बघत सगळं उत्तर म्हणून टाकलं, भाषणासारखं. शेवटी म्हणाले, "बाधा न्हाई म्हणल्या. लई बायांना होतं."

मोठी आई हुंदका न देता रडली. मग पाण्याकडेच तोंड करून, त्या बारीक आवाजात नाही, अर्ध्या आपल्या आणि अर्ध्या त्या आवाजात म्हणाली, "आसरा इचारतीय. नवऱ्याच्या जवळ जावंसं वाटतं. सून आली घरात, केस पिकले, तरी वाटतं. आन गेलं तर फाटल्यागत दुखतं, आग होती. हे पाप केल्याची शिक्षा हाय का?"

माझे कान तापले. प्रतीक्षासमोर वर्गात विचारणं वेगळं आणि हे वेगळं. तिथं प्रश्न कुणाचाच नव्हता. इथं तो माझ्या शेजारी बसला होता, त्याच्या पायात जोडवी होती. मला तेव्हा कळलं. आसराच्या नावानं बाई ओली होऊ शकते, केस सोडू शकते, दिराला नावानं हाक मारू शकते. आणि विचारू शकते. मोठी आई म्हणून ती यातलं काहीच करू शकत नव्हती.

"इचारते," मी म्हणाले.

डॉक्टर मॅडमनी या वेळी आसराचं वयही विचारलं नाही. "शिक्षा नाही. नाजूक जागेचा ओलावा कमी होतो, कातडी पातळ होते, म्हणून दुखतं. मलम असतं, दुसरे उपाय असतात. पण आधी तपासावं लागेल, दुखण्याचं कारण दुसरंही असू शकतं. मी तुझ्या हातून औषध देणार नाही, ऋतुजा. त्यांना आण. आणि नवऱ्यालाही आण, त्यालाही समजायला हवं."

हे उत्तर घेऊन मी पुन्हा दुपारी गेले, तर विहिरीवर कुणीच नव्हतं. मोठी आई अजून आली नसेल म्हणून पायरीवर बसले. पाणी काळंभोर, स्थिर. मी पाठ केल्यासारखं उत्तर पुटपुटत होते, विसरू नये म्हणून. संपलं. आणि खालून, अगदी माझ्या पायाजवळून, विचारल्यासारखं आलं:

"आन ज्या आदीच गेल्या, त्यांचं काय?"

मी वळून बघितलं. पायरी रिकामी. माझ्या शेजारच्या पायरीवर ओल्या पावलांचे दोन ठसे होते, लहान, मोठ्या आईच्या पायापेक्षा बरेच लहान. उन्हात ते माझ्या डोळ्यांदेखत वाळत गेले.

पळत घरी आले तर मोठी आई ओसरीवर झोपलेली. हलवून उठवलं. "मोठी आई, तू आत्ता विहिरीवर होतीस ना? ज्या गेल्या त्यांचं काय, असं तूच इचारलंस ना?"

ती कुशीवर वळली. "सकाळधरनं उठले न्हाई मी, पोरी. डोकं दुखतंय. तो सवाल माझा न्हाई."

मी तोही प्रश्न डॉक्टर मॅडमना फोनवर विचारला. मग म्हणाल्या, "याचं उत्तर माझ्याकडे नाही गं."

इकडे घरात धुळाजी आला होता. धुळाजी म्हणजे आमच्या भागातला जुना देवऋषी, डोळ्यांत फूल पडलेला म्हातारा. पाण्यात तांदूळ सोडून बघितलं आणि म्हणाला, साखराबाई हाय. आसरांमधी गेलेली सासू सुनंला बोलावतीय. एकच उपाय. सर्वपित्री अमावस्येला, पितरांचा दिवस, भर दुपारी विहिरीवर वच्छलानं नवऱ्याच्या मनगटाला हळदीचा धागा बांधायचा. त्या घडीपासून दोघं बहीण-भाऊ. नवऱ्याची बाई राहिली नाही की पाण्यातल्या बायांना ती नको होते. धाग्याचं ताट घरातल्या कुमारिकेनं न्यायचं. म्हणजे मी.

"ह्येनं गुण येतो का?" आप्पांनी विचारलं.

"येतो म्हंजी? तुमच्या आईला माज्या बापानं ह्येच करायला लावलतं. तिनंबी धागा बांधलाता. लई शांत झालती मग. एक शबूद बोलायची न्हाई."

"आन मग?" मी विचारलं.

"मग काय?"

"मग कवा गेली ती विहिरीत? धाग्याच्या आदी का नंतर?"

"ऋते!" आई ओरडली. धुळाजीनं पांढऱ्या डोळ्यांनी माझ्या दिशेनं बघितलं. "नंतर," तो म्हणाला. "त्याच पावसाळ्यात. धागा कच्चा निगाला आसंल."

घरातल्या एकालाही यात काही खटकलं नाही. आप्पांनी मान हलवली, अवंदा धागा पक्का करू म्हणाले. मला मात्र ते लहान पावलांचे ठसे दिसत होते. तरुण बाईचे. आप्पा रांगायच्या वयाचे असताना गेलेल्या बाईचे. तिलाही कुणी विचारू दिलं नव्हतं. तिचा काय सवाल होता कुणास ठाऊक! बाळंतपणानंतर अंग दुखत होतं का, मन नको म्हणत होतं का, की हवं म्हणत होतं? तिनं तो पाण्याला सांगितला असेल. आणि घरच्यांनी त्यावर नवराच काढून घेतला.

मी वाड्यावर गेले. मोठे बापू घोंगडीवर बसून मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. ते बोलतात ते बहुतेक मेंढरांशीच.

"बापू, तुमी धागा बांधून घेणार?"

"ती वाचत असंल तर घेतो."

"आन तुमाला?"

त्यांनी काटा बोटावर धरून बघितला. "मला काय. तिची वाकळ तिनंच बाहीर नेली. म्हणलं, हिला आता आपण नको झालो. बाईमाणसावर किती जुलूम करायचा."

"तिनं न्हाई नेली! रीत म्हणून नेली! बापू, तिला…" आणि मी थांबले. ते माझं सांगायचं नव्हतं.

तडक मोठ्या आईकडे गेले. ती देवघरात बसून साखराबाईचा टाक चिंचेनं घासत होती, अमावस्येसाठी.

"मोठी आई, धागा बांधणार तू?"

"बांधते की."

"आन मग?"

ती घासतच राहिली. "मग काय ऱ्हातंय पोरी? दिवाळी झाली की ते जातील मेंढरामागं, भाऊ होऊन. मी वाट कुणाची बघू? पाणी बरं. पाणी गार असतं." हे ती इतक्या सहज बोलली, जसं आज भाकरी करायचीय म्हणावं. आत्तापर्यंत मला वाटत होतं भीती विहिरीची आहे. विहीर तर फक्त उघडी होती.

"मी सांगू का बापूला? डॉक्टर मॅडम काय म्हणल्या ते?"

तिचा हात थांबला. "माझं नाव घेऊन नको सांगू. मरण येईल मला." मग टाकावरचं ते झिजलेलं नाक अंगठ्यानं पुसत, अगदी हळू म्हणाली, "आसराचं नाव घेऊन सांग."

मी सांगितलं. वाड्यात, मेंढरांच्या घोळक्यात उभी राहून, मोठ्या बापूंना सगळं सांगितलं. आसरा हे म्हणाली, आसरानं ते विचारलं, डॉक्टर मॅडमनी असं उत्तर दिलं. ते माझ्याकडे एकदाही बघत नव्हते. कोकराच्या पाठीवरून हात फिरवत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "आसराला दवाखान्यात कोण नेणार?"

"मी हाय की," मी म्हणाले.

अमावस्येला सकाळपासून घरात वड्यांचा वास. आई चुलीपुढं, घामाघूम. आप्पा पितरांच्या घासासाठी पत्रावळी पुसत होते. कट्ट्यावर पितळेचं ताट मांडून ठेवलं होतं. हळद, कुंकू आणि तो पिवळा धागा, ओला. रात्रभर हळदीत भिजत घातलेला.

"ऋते, न्हाऊन घे लवकर," आई म्हणाली. "आन केस मोकळे सोड. ताट तुलाच न्यायचंय."

मी दारातच उभी राहिले.

"आप्पा, आई, ऐका," मी म्हणाले. "मी ताट न्यायची न्हाई. आत्ताच्या जीपनं मी मोठ्या आईला आन मोठ्या बापूंना घेऊन उमापूरला चालले, दवाखान्यात. दोघंबी फाट्यावर जाऊन उभे हायेत, एका छत्रीत. मला मारा, शाळेतनं काढा, काय करायचं ते मी परत आल्यावर करा. आन माझ्यामागं दुसऱ्या कुणाच्या पोरीच्या हातात हे ताट दिलं, तर आसरा काय काय इचारत होती ते मी विहिरीवर उभी ऱ्हाऊन साऱ्या चकलांब्याला सांगीन. आप्पा, तुमच्या आईनं धागा बांधला. मोठी आई बांधणार न्हाई."